उभ्यानं टाकायचा पासवर्ड

टेमघरे साहेब पासवर्ड उभं राहून टाकायचे. त्यांचा स्वतःचा रोजचा पासवर्ड ते तुमच्या-माझ्यासारखाच बसून, एका हातात चहाचा कप धरून टाकत. पण कंपनीतल्या सगळ्या मशिनांवर चालणारा जो मुख्य पासवर्ड असतो, ॲडमिनिस्ट्रेटरचा, तो टाकायची वेळ आली की ते खुर्ची मागे सारायचे, उठायचे, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचे आणि वाकून एकेक अक्षर दाबायचे. काम झालं की त्या खात्यातून बाहेर पडायचे आणि मगच बसायचे. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात काचेच्या भिंतीपलीकडे साहेब उभे दिसले की लोक म्हणायचे, "आज काहीतरी मोठं बिघडलंय."

मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाले, "बसून टाकला की सवय लागते."

साहेब जाऊन आता बरेच दिवस झाले. संध्याकाळी मारुंजीच्या वळणावर टेम्पो आणि बाइकांच्या मागे गाडी अडकून पडते तेव्हा मला साहेब आठवतात, आणि आठवतात ते उभे. वास्तविक मी त्यांना शेवटची काही वर्षं फक्त खाटेवर पाहिलं. तरी डोळ्यांपुढे येतो तो काचेपलीकडे वाकलेला, पाठीला किंचित पोक असलेला माणूस.

ते मूळचे कोळवणचे. भाताची जमीन, दोघे भाऊ. धाकटा किसन घरी शेती बघायचा आणि हे शिकून कंपनीत लागले. पुढे आमच्या कंपनीच्या सगळ्या संगणकांची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तरी राहायला ते कोळवणातच. रोज मोटरसायकलवरून यायचे. डब्यात इंद्रायणीचा भात असायचा आणि डबा उघडला की शेजारच्या टेबलांना त्याचा वास जायचा. खिशाला पेनाऐवजी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. आणि आवाज! शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलायची सवय असलेला आवाज. साहेब फोनवर बोलत असले की आम्ही म्हणायचो, यांना फोन कशाला लागतो?

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती याच आवाजामुळे सबंध मजल्याला कळली. मी नवा होतो. मला माझ्या संगणकाला एक तापमान मोजायचं यंत्र यूएसबीनं जोडायचं होतं. यंत्र जोडलं, दिवा लागला, पण माझा प्रोग्रॅम काही केल्या त्याच्याशी बोलेना. परवानगी नाही, एवढंच सांगायचा. शेजारचे म्हणाले, टेमघरेंकडे जा आणि ॲडमिनचे हक्क मागून घे, म्हणजे कटकटच मिटली. मी गेलो.

"काय पाहिजे?"

"ॲडमिन राइट्स हवे होते, सर."

"ते नको सांगू. काम सांग."

"यूएसबीला एक यंत्र जोडलंय. प्रोग्रॅमला ते वाचता येत नाहीये."

"म्हणजे तुला एक यंत्र वाचायचंय."

"हो, सर."

"आणि मागतोयस अख्खं मशीन. शिर्के ना तू? दूध आणायला गेलास तर गोठा नावावर करून मागतोस काय रे?"

मजला हसला. साहेब मात्र उठून माझ्या जागेवर आले. उभ्यानं पासवर्ड टाकला, ते यंत्र काढलं, लावलं, पुन्हा काढलं, कुठल्या तरी फायलीत दोन-तीन ओळी लिहिल्या, त्या खोडून पुन्हा लिहिल्या. जेवणाची सुट्टी त्यात गेली. मग त्या खात्यातून बाहेर पडून माझ्याच खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "लाव आता." मी वायर लावली. पडद्यावर आकडे पळायला लागले.

"तुला जेवढं वाचायचं तेवढं वाचता येईल," ते म्हणाले. "बाकी मशीनला तुझा हात लागणार नाही. तुझ्या नावानं दुसऱ्या कुणाचाही लागणार नाही. खरं तर बरं वाटायला पाहिजे तुला."

मला काही बरं वाटलं नाही. आपल्यावर विश्वास नाही म्हणूनच एवढा खटाटोप केला, असं वाटलं. आमच्यातल्या बहुतेकांना तसंच वाटायचं. पंगतीत तूप वाढणाऱ्या चिक्कू वाढप्यासारखे साहेब हक्क वाढतात, असं आमच्यातला एक जण म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांनी एकदा डबा खाताना मला विचारलं, "तूप कमी पडलं का रे कुणाला? काम अडलंय का कुणाचं?" काम कुणाचंच अडलेलं नव्हतं. साहेब हक्क द्यायचे नाहीत, पण काम करून द्यायचे, आणि ते करायला स्वतःचा वेळ घालवायचे. हक्क देऊन टाकणं त्यांना फार सोपं होतं. एक मिनिटाचं काम. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्षं गेली.

एकदा आमचे डायरेक्टर स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आले. आमच्याकडे बाहेरचा पेन ड्राइव्ह मशीनला लावता येत नसे. साहेबांनी नाही म्हटलं. डायरेक्टर तापले.

"टेमघरे, मी कोण आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे साहेब. म्हणूनच नको म्हणतोय."

"म्हणजे?"

"तुमच्या मशीनवरून काही आलं तर कुणी दोनदा बघत नाही. सगळे उघडतात. आणा इकडं, मी तपासून देतो."

तो पेन ड्राइव्ह त्यांनी बाजूच्या एका जुनाट, कशालाही न जोडलेल्या संगणकावर तपासला आणि त्यातली हवी ती फाइल डायरेक्टरांना दिली. त्या वर्षी साहेबांची बढती हुकली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही. साहेबांनी तो कधी लावला नाही.

घरीही हा माणूस असाच. कोळवणात फार्महाऊसं व्हायला लागली तेव्हा किसनभाऊंनी आपल्या वाट्याची रस्त्याकडची जमीन विकली. घेणारे पुण्याचे, स्वभावानं चांगले गृहस्थ. त्यांनी कुंपण घातलं, मोठं फाटक लावलं. साहेबांचं भातखाचर त्या कुंपणाच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला. वाट बंद झाली. ते गृहस्थ स्वतः घरी आले आणि म्हणाले, फाटकाची एक किल्ली तुमच्याकडे ठेवा, केव्हाही या-जा. साहेबांनी किल्ली घेतली नाही. "किल्ली नको. कडेनं माणूस आणि बैल जाईल एवढी वाट सोडा, बास. तुमच्या आवारात माझं काय काम?" ती वाट त्यांनी मागून घेतली, आणि वर्षानुवर्षं तिथूनच ये-जा केली.

हे मला किसनभाऊंनी सांगितलं. सांगताना कपाळावर हात मारून घेतला. "आमचा दादा येडा हाय. मानूस बंगल्याची किल्ली देतोय, आन ह्यो कुंपनाला भोक मागतोय!"

मग साहेबांचा आवाज गेला.

आधी शब्द जड झाले. फोनवर कुणी तरी त्यांना म्हणालं, काय टेमघरे, सकाळीसकाळीच? हे त्यांनी आम्हाला हसत सांगितलं, तेही अडखळत. मग स्क्रू ड्रायव्हर हातातून पडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, त्याला "नसा वाळत चालल्यात" एवढंच म्हणायच्या, आणि डॉक्टरांनी तासभर सांगितलं ते हेच होतं. साहेबांनी नोकरी सोडली. बोलणं पूर्ण थांबलं, पाय गेले, हात गेले. राहिलं ते डोकं, पहिल्याइतकंच लख्ख, आणि उजव्या हाताची तर्जनी.

मी सुरुवातीला वरचेवर जायचो. मग जाणं कमी झालं. माण, घोटावडे, कासार आंबोली, पौड असा रस्ता तोंडपाठ होता, रविवार मोकळा असायचा, गाडी दारात होती. पण समोर खाटेवर पडलेल्या माणसाशी आपणच दोन्ही बाजूंनी बोलत राहायचं, हे मला जमत नव्हतं. मी दमलेला होतो, असं मी स्वतःला सांगायचो. दमलेला होतोच. त्या घरात माझ्यापेक्षा दमलेली दोन माणसं होती, एवढं मात्र मी त्यात धरत नव्हतो.

मग पुण्यातल्या एका संस्थेनं त्यांना ती डबी दिली. काड्यापेटीएवढी डबी, तिला एक मऊ बटण, आणि डबीतून निघालेली वायर संगणकाच्या यूएसबीला. पडद्यावर अक्षरांचा तक्ता. एक पिवळा चौकोन अक्षरांवरून सरकत राहायचा. हवं ते अक्षर आलं की साहेब तर्जनीनं बटण दाबायचे. अक्षरामागून अक्षर असं वाक्य जुळायचं. तक्त्याच्या शेवटी एक घर होतं, त्यावर लिहिलेलं 'बोल'. ते दाबलं की संगणक ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा. आवाज बाईचा होता. पुरुषाचा मराठी आवाज त्यात नव्हता.

"ह्या वयात घरात सवत आणली बगा," वहिनी मला म्हणाल्या. "आन ती बी शहरातली. कशी बोलती, 'मला पाणी हवे आहे.' हवे आहे म्हनं!"

पिवळा चौकोन बराच वेळ फिरला. मग ती शहरातली बाई सपाट आवाजात म्हणाली, "तुझ्यापेक्षा कमी भांडते."

वहिनी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पलीकडून किसनभाऊ बघायला आले.

पण एक अडचण होती. डबी संगणकाच्या ओळखीची नव्हती, आणि अशा परक्या यंत्राशी बोलायला त्या प्रोग्रॅमला दर वेळी ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागायचे. संगणक सुरू झाला की पासवर्ड मागायचा. तो टाकेपर्यंत साहेब मुके. कोळवणात वीज दिवसातून केव्हाही जाते. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच बसलेली. लाईट गेली की मशीन बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी शेतात असल्या, नळावर असल्या, जरा लवंडलेल्या असल्या, तरी उठून यायचं आणि पासवर्ड टाकायचा. तो साहेबांनीच पूर्वी ठरवलेला, आणि लांबलचक.

"पासवर्ड कसला, भजन हाय भजन," वहिनी म्हणायच्या. "आन उभं ऱ्हाऊन टाकायचा. बसून टाकला तर डोळे वटारत्यात."

मी म्हणालो, "साहेब, तुमच्या खात्यालाच ॲडमिनचे हक्क देऊन टाकू. घरातलं मशीन, घरातली माणसं. पासवर्डच नको."

मी हे टेमघरे साहेबांना सांगत होतो. मग चौकोन फिरायला लागला. मी वाट पाहत बसलो. त्या तक्त्यापुढे बसून मला पहिल्यांदा कळलं की आपण बोलताना किती फुकटचं बोलतो.

"बोट थरथरतं," बाई म्हणाली. मग पुन्हा चौकोन, पुन्हा वाट. "चुकून काय दाबीन सांगता येत नाही. मलाही सगळं मोडता येऊ नये." आणि थोड्या वेळानं, "काम सांगितलंय. हक्क मागितला नाही."

त्यांना हवं होतं ते एवढंच. लाईट यावी आणि कुणालाही न उठवता स्वतःचं स्वतः बोलता यावं. ते बोट चालतंय तोवर. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बोटही राहणार नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं साहेबांना माहीत होतं.

मी वहिनींकडून पासवर्ड टाकून घेतला आणि साहेबांनी माझ्या पहिल्या दिवशी केलं होतं तसंच करायला बसलो. एवढ्या एका डबीपुरती परवानगी कायमची द्यायची, बाकी काही उघडायचं नाही. दोन रविवार गेले. मधे साहेब चुका दाखवायचे. एक चूक दाखवायला त्यांना पाव तास लागायचा. शेवटी जमलं. लाईट गेली, आली, मशीन आपोआप सुरू झालं, पासवर्ड मागितला नाही, आणि तक्ता पडद्यावर आला. वहिनींनी गूळ आणून हातावर ठेवला.

त्या दिवशी निघताना वहिनी पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बसा शिर्केभाऊ. एक सांगते, कुनाला सांगू नका."

मी पायरीवर बसलो.

"एकदा मी पासवर्ड टाकलाच न्हाई. त्या दिशी मला लई बोलले होते. असं न्हाई तसं, ही उशी अशी का, त्ये औषध उशिरा का. आन मग लाईट गेली. आली. मशीन सुरू झालं, मला आवाज आला. मी उठले न्हाई. हितंच बसून ऱ्हायले. म्हटलं, बोला आता कसं बोलताय त्ये. संध्याकाळ झाली तरी उठले न्हाई."

सुपातले खडे त्या एकेक करून बाहेर टाकत होत्या.

"आत मानूस जागा हाय, तोंड मी बंद केलंय, आन मी हितं तांदूळ निवडतीया. मग माझं मलाच कसंतरी झालं. गेले, उभी ऱ्हायले, टाकला. म्हटलं, बोला. काय शिव्या घालायच्यात त्या घाला. तर किती येळ त्यो चौकोन फिरला. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय."

"काय म्हणाले?"

"आमटीत मीठ कमी हाय."

आम्ही दोघंही हसलो. मग वहिनी हसायच्या थांबल्या आणि सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पर भाऊ, बरं केलं तुमी त्ये पासवर्डाचं काढून टाकलं. नवऱ्याचं तोंड बायकोच्या हातात असू न्हाई. मी काय द्येव न्हाई. पुन्यांदा माझ्याच्यानं तसं झालं असतं."

ते काढून टाकलं होतं, असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन फोन केला. तक्ता येतो, पण बटण दाबलं तर काही होत नाही, असं त्या म्हणत होत्या. "वायर हलवली का?" मी विचारलं. "न्हाई ओ, कायबी केलं न्हाई. हाय तशी हाय." मी फोनवरूनच दोन-चार गोष्टी करून बघायला सांगितल्या. काही उपयोग झाला नाही. मी म्हणालो, रविवारी येतो. रविवारला अवकाश होता. त्याच संध्याकाळी निघालो असतो तर तासा-दीड तासात पोचलो असतो. निघालो नाही. घरी जाऊन जेवलो आणि बातम्या बघितल्या.

रविवारी गेलो तर साहेबांच्या उशाशी एक छोटा निळा पंखा फिरत होता. उकडतं म्हणून वहिनींनी पौडच्या दुकानातून आणला होता. यूएसबीवर चालणारा. मी संगणकाच्या मागे वाकून पाहिलं. हाताशी जे भोक होतं त्यात पंखा होता. डबीची वायर काढून शेजारच्या भोकात खोचली होती.

मी परवानगी डबीला दिलीच नव्हती. दिली होती ती त्या भोकात बसलेल्या डबीला. त्या स्वस्तातल्या डबीला स्वतःचा असा काही क्रमांक नव्हता, त्यामुळे भोक बदललं की मशीनच्या लेखी ती नवीच डबी, कुणी तरी परकी. वहिनींनी खरंच काही केलं नव्हतं. नवऱ्याला वारा मिळावा म्हणून एक वायर एका बोटाच्या अंतरावर सरकवली होती.

मी पंखा काढून डबी जुन्या जागी लावली. साहेबांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. इतके दिवस साठलेलं ते आता बोलतील, मलाही काही ऐकवतील, असं वाटून मी तयारीत उभा राहिलो. वहिनी भिंतीला टेकून खाली बघत होत्या. चौकोन फिरायला लागला.

"पंखा लाव," बाई म्हणाली. "तिनं आणलाय."

मी पंखा दुसऱ्या भोकात लावला.

मग ते बराच वेळ काही लिहीत राहिले. दुपार टळत आली होती. बाहेर किसनभाऊंच्या शेळ्या ओरडत होत्या. बोट पूर्वीपेक्षा हळू झालं होतं. चौकोन हव्या त्या अक्षरावर यायचा, बोट हलायचं, आणि तोवर चौकोन पुढे गेलेला असायचा. मग पुन्हा पूर्ण फेरी. मी खिशातल्या फोनला हात लावायचा नाही असं ठरवून बसलो. शेवटी बाई बोलली.

"कीबोर्डला कोण पासवर्ड विचारतं?"

मला कळलं नाही. मी तसं म्हणालो. साहेबांच्या चेहऱ्यावर हलण्यासारखं आता फारसं काही उरलं नव्हतं, पण ऑफिसात एखाद्याला चूक कळली नाही की जो भाव यायचा तो मला डोळ्यांत दिसला. पुन्हा चौकोन. पुन्हा फेऱ्या.

"कुठल्याही भोकात लाव. कुठलंही मशीन. कीबोर्ड घरचा असतो. डबीला सांग, मी कीबोर्ड आहे असं सांगायचं. एकच बटणाचा."

मी खाटेच्या कडेवर बसूनच राहिलो. परवानगी कुणाला आणि कुठून द्यायची, यातच मी इतके दिवस गुंतलो होतो. साहेबांनी परवानगीचा प्रश्नच काढून टाकला होता. कीबोर्ड जोडला म्हणून कुठलं मशीन हक्क मागत नाही; तो चालवायला मालक व्हावं लागत नाही. साधं पाहुण्याचं खातंही त्याला चालतं. प्रोग्रॅमलाही बटण कुठलंही चालत होतं. अडून बसला होता तो त्या परक्या डबीपाशी. कुंपणाच्या कडेची वाट मला तेव्हा आठवली. मी किल्ल्या करत बसलो होतो.

या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून पुण्यात बुधवार पेठेत गेलो, बोटाएवढा एक सर्किट बोर्ड आणला. जुन्या डबीसारखंच एक मऊ बटण त्याला जोडलं. चार ओळींचा प्रोग्रॅम त्यात घातला: बटण दाबलं की कीबोर्डची स्पेसची कळ दाबल्यासारखं व्हावं. बास. घरच्या लॅपटॉपला लावून पाहिला, बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावून पाहिला, सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकाला लावून पाहिला. कुणी काही विचारलं नाही. माझ्या बायकोनं विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हणालो, "एक माणूस आहे."

ते लावायला गेलो तो दिवस कामाचा होता, ऑफिसात सांगूनच निघालो होतो. वहिनींचे डोळे तारवटलेले होते. आदल्या रात्री साहेबांना कफ झाला होता, त्यांनी बसून रात्र काढली होती. मी नवी डबी लावली. आधी या भोकात, मग त्या भोकात, मग पंख्याच्या जागी. सगळीकडे चालली. साहेबांच्या साध्या खात्यातून चालली. बोटाचा जोर कमी झाला होता म्हणून बटण आणखी हलकं करून दिलं.

"आता लाईट जाया पायजे," वहिनी म्हणाल्या. "मग खरं."

रोज जाणारी लाईट त्या दिवशी जाईना. आम्ही तिघं वाट बघत बसलो. वहिनींनी चहा केला. चहा संपला. पंखा फिरत होता, दिवा जळत होता. "कवा नव्हं त्ये आज एमएसईबी सुधारली," वहिनी म्हणाल्या आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या. बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकलं. बोलता बोलता त्यांची मान कलली आणि हातातला कप मांडीवर आडवा झाला. मी तो अलगद काढून घेतला.

मला निघायचं होतं. मागची वायरच ओढून मशीन बंद करून बघावं, म्हणून मी हात पुढे केला. साहेबांनी डोळ्यांनी नाही म्हटलं. मी पुन्हा बसलो. लाईट जायची तेव्हा आपली आपणच जाऊ दे, एवढंच असेल त्यांच्या मनात.

आणि मग लाईट गेली. पंखा थांबत थांबत थांबला. पडदा काळा झाला. खोलीत नुसता साहेबांचा श्वास आणि वहिनींचा श्वास, दोन वेगळ्या लयींचे. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मी हात मांडीवर ठेवून बसलो. मशीनला कुणीही हात लावायचा नव्हता.

लाईट आली. मशीनचा दिवा लागला, आतला पंखा घुमला, पडद्यावर काही तरी येत-जात राहिलं. कुठेही पासवर्डची चौकट आली नाही. तक्ता वर आला. पिवळा चौकोन पहिल्या अक्षरावर उभा राहिला आणि चालायला लागला. खोलीत कुणीच उभं नव्हतं. वहिनी तशाच झोपलेल्या होत्या.

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. मी पडद्याकडे बघत होतो. एकेका अक्षराची पाळी चुकत होती, पुन्हा येत होती. किती तरी वेळानं ओळ पूर्ण झाली.

'झोपलीय. हळू जा.'

चौकोन सरकत सरकत 'बोल' वर आला. बोट हललं नाही. चौकोन पुढे गेला, वरून फेरी सुरू झाली, पुन्हा 'बोल' वर आला. साहेबांनी पुन्हा तो जाऊ दिला.

मी मान हलवली, पिशवी उचलली आणि चपला हातात घेतल्या. दारातून वळून पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. पिवळा चौकोन 'बोल'च्या घरावर पुन्हा आला होता, तर्जनी बटणावर टेकलेली होती, दाबत नव्हती. आणि खाटेच्या पायथ्याशी वहिनी झोपल्या होत्या.

त्यानंतर माझी-त्यांची भेट झाली नाही.